पहिली २९ इंची हार्डटेल: चाळीस हजारांत काय बघायचं, काय सोडून द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८ किलो, राहायला कोथरूडला. आजवर साधी हायब्रिड सायकल चालवली. आता पहाटे टेकडीवर आणि शनिवार-रविवारी पानशेत, मुळशीकडच्या कच्च्या रस्त्यांवर जायचंय. बजेट सगळं मिळून चाळीस हजार. दुकानात तीन सायकली पसंत पडल्यात. पहिली १८ हजारांची स्टीलची, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली. दुसरी ३१ हजारांची ॲलॉय फ्रेमची, २९ इंची चाकांची, २१ गिअर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, पण मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, वरच्या वर्गातला. तिसरी ३७ हजारांची, पुढे एकच चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) आणि मागे नऊ चकत्या, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक. यातली कोणती घ्यावी, २९ ऐवजी २७.५ इंची चाकं चालतील का, आणि फोर्क (पुढच्या चाकाचा शॉकअप) नंतर बदलता येईल का?

तिसरी घ्या. काही गोष्टी दुकानात स्वतः तपासून मग घ्या, त्या खाली सांगतो. पहिलीकडे वळूनही बघू नका. दुसरी वाईट नाही, पण तिची किंमत नको त्या जागी खर्च झालेली आहे.

पहिलीचं आधी उरकून टाकू. या किमतीत मागचा शॉकअप म्हणजे एक स्प्रिंग आणि सांध्यातली दोन कडी, म्हणजे बुशिंग. डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणारी यंत्रणा, नावाला नाही, त्यामुळे दाबलेली स्प्रिंग तितक्याच जोरात वर उसळते. चढावर पायडल मारताना बरीच ताकद सीट खालीवर करण्यात जाते. पहिला पावसाळा संपेपर्यंत ती बुशिंग कुरकुरायला लागतात आणि त्या मापाची दुसरी सहजासहजी मिळत नाहीत. सायकलचं वजन १८ किलोच्या आसपास असतं ते वेगळंच. मागचा शॉकअप हवाच असेल तर त्यासाठी लाखाच्या पुढे जावं लागतं. त्या खाली हार्डटेल, म्हणजे पुढे फोर्क आणि मागे ताठ फ्रेम, हाच शहाणपणाचा सौदा.

आता दुसरी आणि तिसरी. फरक सहा हजारांचा. दुकानदार दुसरीच्या मागच्या डिरेलरकडे बोट दाखवेल, कारण ते दाखवण्यासाठीच तिथे लावलेलं असतं. सायकल बनवणाऱ्यांना माहीत आहे की गिऱ्हाईक आधी मागच्या चाकाशी वाकून डिरेलरवरचं नाव वाचतं. म्हणून ते नाव एक पायरी वरचं ठेवायचं आणि शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ), हब (चाकाचा मधला गाभा), चेन, बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या दांड्याचं बेअरिंग) यात पैसे वाचवायचे, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. डिरेलर दगडावर आपटून वाकला तर हजार-दोन हजारांत नवा बसतो. फ्रेम, मागचं हब आणि तुमच्या अंगाला बसणारं माप या तीन गोष्टी मात्र नंतर स्वस्तात बदलता येत नाहीत. पैसे तिथे घाला. झिजणाऱ्या वस्तू साध्या असल्या तरी चालतात, कारण त्या झिजणारच आहेत.

सगळ्यात आधी मागचं हब. बहुतेक जण हे बघतच नाहीत. मागच्या चकत्या चाकाला दोन प्रकारे बसवलेल्या असतात. फ्रीव्हील असेल तर चकत्या आणि त्यांची मोकळी फिरणारी यंत्रणा हा एकच गठ्ठा हबवर आट्यांनी फिरवून बसवतात. कॅसेट असेल तर ती यंत्रणा हबमध्येच असते आणि चकत्या तिच्यावर सरकवून बसवतात. फ्रीव्हीलमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग आत, चाकाच्या मध्याकडे राहतं. तिथून फ्रेमपर्यंतचा ॲक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, अधांतरी असतो. सपाट रस्त्यावर काही होत नाही. पण टेकडीवरून उतरताना मागचं चाक दगडावर पुन्हा पुन्हा आदळलं की तो ॲक्सल तिथेच वाकतो. माझ्या दुरुस्तीच्या स्टँडवर येणाऱ्या वाकलेल्या ॲक्सलच्या सायकली जवळजवळ सगळ्या फ्रीव्हीलच्या असतात. कॅसेट हबमध्ये बेअरिंग पार बाहेरच्या टोकाजवळ येतं, त्यामुळे ही अडचण बरीचशी मिटते.

दुकानात हे ओळखायचं कसं? मागचं चाक हाताने धरून ठेवा आणि चकत्या उलट्या दिशेने फिरवा. सगळ्यात लहान चकतीच्या आत, हत्यार घालायची जी खाचांची जागा दिसते तिकडे लक्ष ठेवा. त्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागेवर राहून फक्त चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील. दुकानदाराला विचारलंत तर कधी कधी त्यालाही ठाऊक नसतं, तेव्हा स्वतःच बघा. तुमच्या दुसऱ्या सायकलला मागे सात चकत्या आहेत आणि सगळ्यात लहान चकती १४ दातांची आहे. हे वर्णन फ्रीव्हीलचं असण्याची शक्यता फार. तिसरीला नऊ चकत्या, ११ ते ४६ दात. ती कॅसेट असणार, तरीही फिरवून बघा.

गिअरच्या संख्येचा भ्रम इथेच दूर करू. २१ गिअर ऐकायला भरघोस वाटतात. या वर्गात पुढे साधारण ४२, ३४, २४ दात आणि मागे १४ ते ३४ असतात. म्हणजे सगळ्यात हलका गिअर २४ भागिले ३४, सुमारे ०.७१. सगळ्यात जड ४२ भागिले १४, म्हणजे ३. आता तिसरी सायकल. पुढे ३२, मागे ११ ते ४६. हलका गिअर ३२ भागिले ४६, म्हणजे ०.७०. जड ३२ भागिले ११, म्हणजे २.९. दोन्हींची धाव जवळपास तीच! बाकीचे बारा गिअर मधल्या मध्ये एकमेकांवर चढलेले असतात. एकाच चेनरिंगमुळे पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि डावीकडचा शिफ्टर हे सगळंच जातं. आमच्याकडच्या चिखलात पुढचा डिरेलर हा सगळ्यात आधी रुसणारा भाग आहे, त्याच्या जाण्याचं दुःख करू नका.

चेन उडण्याची भीती मात्र खरी आहे. पुढे एकच चेनरिंग असेल तर तिचे दात आळीपाळीने जाड-बारीक असावेत, त्याने चेन धरून राहते. मागच्या डिरेलरमध्ये क्लच, म्हणजे चेन सैल पडू न देणारी योजना, असेल तर आणखी चांगलं. मायक्रोशिफ्ट आणि शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपन्या. मायक्रोशिफ्टच्या ॲडव्हेंट मालिकेत नऊ स्पीडलाही क्लच मिळतो. शिमानोच्या नऊ स्पीडच्या अल्टसमध्ये तो नसतो. क्लच नसला म्हणून सायकल नाकारू नका, पण चेनची लांबी बरोबर आहे ना हे पहिल्या सर्व्हिसिंगला बघून घ्या. शिमानोने २०२३ साली क्यूज नावाची नवी मालिका आणली. तिच्या लिंकग्लाइड चकत्या टिकाऊ आहेत, पण जुन्या शिफ्टरशी त्यांची जुळणी होत नाही. तिसऱ्या सायकलवर क्यूज असेल तर पुढे सुटे भाग घेताना त्याच मालिकेचे घ्यायचे, दुकानात पडलेली कुठलीही नऊ स्पीडची कॅसेट चढवायची नाही.

चाक मोठं झालं की तोच गिअर पायाला जड होतो, हे फारसं कुणी सांगत नाही. सव्वादोन इंची टायरच्या २९ चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर. ०.७० च्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.६ मीटर पुढे जाते. २६ इंची चाकावर हाच आकडा दीड मीटरच्याही खाली येतो. मिनिटाला ६० फेरे मारले तर २९ वर ताशी पावणेसहा किलोमीटर वेग ठेवावा लागतो. डोणज्याहून सिंहगडाकडे जाताना घाटातला चढ काही ठिकाणी दहा टक्क्यांच्या वर जातो. तिथे नवशिक्याला हा वेगसुद्धा जास्त पडतो. तेव्हा जमलं तर सायकल घेतानाच पुढची चेनरिंग ३२ ऐवजी ३० दातांची करून मागा. हलका गिअर ०.६५ वर येतो. वरच्या टोकाला मिनिटाला ८० फेऱ्यांवरही ताशी ३० मिळतात. कच्च्या रस्त्यावर त्याहून जास्त कुठे लागतात?

मग २९ की २७.५? तुमच्या उंचीला २९ घ्या. ५ फूट ४ इंचांच्या खाली मात्र मी प्रत्येकाला २७.५ वर बसवून बघतो. लहान फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलं की हँडल फार वर जातं आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागतं. ट्रेक ही कंपनी आपल्या मार्लिन मॉडेलच्या लहान मापांना २७.५ आणि मोठ्या मापांना २९ चाकं देते ते याचसाठी.

मोठ्या चाकाचा फायदा मुरमाच्या रस्त्यावर कळतो. सह्याद्रीत उतारावर बहुतेक सुटे दगड असतात, नारळाएवढे आणि त्याहून लहान. त्यांच्यामधल्या खड्ड्यात लहान चाक जास्त खोल उतरतं, मोठं चाक वरून जातं. दहा सेंटिमीटर उंचीच्या दगडाशी भिडताना २९ आणि २७.५ चाकांच्या कोनात साधारण एका अंशाचाच फरक असतो. कागदावर किरकोळ, पण तासाभरात शेकडो दगड लागतात आणि मनगटं तो हिशेब ठेवतात. तोटा असा की मोठं चाक वेग घ्यायला आळशी, आणि स्वस्त असेल तर कडेने लवचीक. लांब स्पोकांचा ताण नीट नसेल तर ते लवकर आउट होतं. म्हणून मागच्या चाकाला ३२ स्पोक आहेत ना ते मोजा, आणि पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर ताण करून घ्या. दुकानं ही सर्व्हिसिंग बहुधा फुकट देतात आणि लोक जातच नाहीत.

मोठ्या चाकाचा इतिहास गमतीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात सत्तरच्या दशकात काही पोरांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. त्या सायकलींची चाकं २६ इंची होती, म्हणून पुढची वीस-पंचवीस वर्षं माउंटन बाइक म्हणजे २६ इंच हे ठरूनच गेलं. मोठ्या रिमवर चढेल असा जाड टायरच बाजारात नव्हता. १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीचा नॅनोरॅप्टर टायर आला तेव्हा २९ ला रस्ता मोकळा झाला. तरी शर्यतीतले लोक नाकं मुरडत होते, ते २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत. तिथे चेक सायकलपटू यारोस्लाव कुल्हावीने २९ इंची सायकलवर सुवर्णपदक घेतलं. वास्तविक २९ ची रिम ६२२ मिलिमीटरची, म्हणजे रोड बाइकची ७०० सी रिम असते तीच. आणि आपल्या गावागावांत दूधवाले वापरतात त्या काळ्या २८ इंची सायकलची रिम तर ६३५ मिलिमीटर, २९ पेक्षाही मोठी.

याचा एक उपयोग आहे. टायर आपसात बसत नाहीत, तो प्रयत्न करू नका. पण आडगावात ट्यूब फाटली आणि जवळची संपली, तर गावच्या सायकल दुकानातली २८ × १½ ची ट्यूब तुमच्या टायरमध्ये हवा भरून घरी पोचण्यापुरती चालते. रिमचं भोक मात्र मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्वचं हवं. म्हणूनच नवशिक्याच्या सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्वपेक्षा जाड श्रेडर व्हॉल्व असला तर मी खूश असतो. कुठल्याही गॅरेजमध्ये हवा मिळते. फक्त कॉम्प्रेसरवाल्याला मोटरसायकलच्या हिशेबाने भरू देऊ नका.

आता फोर्क. नंतर बदलायचा विचार असेल तर दुकानात हेड ट्यूब बघा, म्हणजे फ्रेमचा पुढचा उभा नळा, ज्यातून फोर्कची दांडी वर येते. तो खाली जाड आणि वर बारीक असेल तर टेपर्ड. आज मिळणारे चांगले एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे) बहुतेक टेपर्ड दांडीचेच असतात. नळा वर-खाली सारखा पण जाड, आतून ४४ मिलिमीटरचा असेल तरीही खालच्या बाजूला बाहेरचा कप लावून टेपर्ड फोर्क बसवता येतो. मात्र जुन्या पद्धतीचा बारीक, ३४ मिलिमीटरचा नळा असेल तर फक्त सरळ दांडीचा फोर्क चालतो आणि त्यात निवड फार कमी उरते. दुसरी आणि तिसरी शेजारी उभ्या करून हे एकदा बघा. माझा अंदाज आहे की सहा हजारांतला मोठा वाटा इथे आणि हबमध्ये आहे.

तरीही फोर्क बदलण्याची घाई करू नका. या किमतीत सनटूर कंपनीचा एक्ससीटी किंवा एक्ससीएम येतो, आत लोखंडी स्प्रिंग. जड असतात, अडीच किलोच्या आसपास. त्यांच्या टोपणावर जी प्रीलोडची चकती असते ती फिरवून स्प्रिंग नरम-कडक होते असा समज आहे, तो खरा नाही. ती स्प्रिंगला सुरुवातीचा दाब देते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. तुमचं वजन ६८ किलो, म्हणजे निभेल. ५५ किलोच्या माणसाखाली हे फोर्क निम्मेही दबत नाहीत, त्यांना नरम स्प्रिंग मिळते का ते विचारावं लागतं. तपासायला सोपी रीत: फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय सैलसर बांधा, खालच्या रबरी सीलला टेकवा, सायकलवर नेहमीच्या बैठकीत हळूच बसा आणि उतरा. १०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या, म्हणजे तेवढ्या दबणाऱ्या, फोर्कवर टाय १५ ते २० मिलिमीटर सरकलेला दिसला की बरं. पाचसुद्धा सरकला नाही, तर तो फोर्क तुमच्यासाठी नुसतं ओझं आहे.

दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: लॉकआउट आहे साहेब. लॉकआउट म्हणजे फोर्क दबू नये म्हणून तो बंद करायची कळ. असावा, डांबरी रस्त्यावर बरा पडतो. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

ब्रेकच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, हायड्रॉलिक. शिमानोचे एमटी२०० किंवा टेक्ट्रोचे त्या वर्गातले, दोन्ही मिनरल ऑइलवर चालतात. घाट उतरताना एका बोटाने ब्रेक लागतो, त्यामुळे बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी राहतात. नवशिक्याचा तोल यानेच सावरतो. तारेवरचे डिस्क ब्रेक गावात कुणीही दुरुस्त करतो हा त्यांच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. पण पावसाळ्यात केबलच्या आत गाळ शिरला की ते इतके घट्ट होतात की दुरुस्ती दर महिन्याला लागते. हायड्रॉलिकला वर्ष-दीड वर्ष हात लावावा लागत नाही. सायकल उलटी करून चाक काढलंत तर ब्रेक दाबू नका एवढंच पाळा, नाहीतर आतले पॅड एकमेकांना चिकटतात. या वर्गातल्या रोटरवर फक्त रेझिन पॅड चालतात, मेटल पॅड लावले तर रोटर खराब होतो. महाबळेश्वर-कासकडच्या किंवा कोकणातल्या ओल्या लाल मातीत रेझिन पॅड भराभर झिजतात. पावसात तिकडे जाणार असाल तर एक जोडी बॅगेत ठेवा.

टायर. कंपनीचे टायर बहुधा २.१ इंची, कमी दातांचे आणि कडक रबराचे असतात. रस्त्यावर ठीक. पहिला खर्च कधी कराल तर पुढच्या टायरवर करा, २.३५ किंवा त्याच्या आसपासचा, कडेला मोठे दात असलेला. हजार-दोन हजारांत सायकल जितकी बदलते तितकी पंधरा हजारांच्या फोर्कने बदलत नाही. अर्थात फोर्कमध्ये आणि मागच्या फ्रेममध्ये किती जागा आहे ते आधी बघून घ्या. मुळशीच्या खाचरांच्या बाजूने किंवा पूर्वेला देशावर गेलात तर काळी माती भेटते. पहिल्या पावसानंतर ती टायरवर थर चढवत जाते आणि टायर व फ्रेम यांच्यात बोटभर जागा नसेल तर चाक अक्षरशः थांबतं. त्या दिवसांत तिकडे जाऊच नये हा खरा उपाय.

हवेचा दाब हा आपल्याकडचा जुना रोग. टायरच्या कडेला जो जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो तोच भरायचा अशी पद्धत पडली आहे. ६८ किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या २.२५ टायरमध्ये पुढे २६-२८ आणि मागे ३० पीएसआय पुरे. पन्नास भरले तर सायकल कढईतल्या लाह्यांसारखी उडते आणि लोक दोष फोर्कला देतात. फार कमी भरलं तर दगडावर ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली की दाब दोन पीएसआयने वाढवा.

आणि काटे. टेकडीवरच्या पायवाटांना बाभळी आहेत, माळावर सराटे आहेत. उन्हाळ्यात सराट्याचं वाळलेलं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. ट्यूबवाल्या सायकलने एप्रिल-मे काढायचा तर ट्यूबमध्येच सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घालणं हा स्वस्त तोडगा आहे, श्रेडर व्हॉल्वची सुई काढून तो सहज घालता येतो. रिम ट्यूबलेस-रेडी असेल तर पुढच्या वर्षी पूर्ण ट्यूबलेस करा. पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजून सायकल निवडू नका.

माप सगळ्यात शेवटी सांगतोय, पण दुकानात सगळ्यात आधी बघायचं. तुमच्या उंचीला बहुतेक कंपन्यांचं मीडियम किंवा १७ इंच बसेल. दुकानात तेच नेमकं शिल्लक नसतं आणि लार्जवर तीन हजार सूट असते. सीट खाली केली की बसतं, असं सांगतील. सीट खाली करून उंची साधते, लांबी नाही. लांब फ्रेमवर तुम्ही हँडलवर ओणवे होता आणि कंबर पहिल्या महिन्यात बोलायला लागते. मधली नळी दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर अंग आणि नळी यांच्यात पाच सेंटिमीटर तरी जागा हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला गुडघा सरळ व्हावा, ही सीटची उंची. त्या उंचीवर बसून हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. चालवून बघू न देणारं दुकान सोडून द्या.

हेड अँगल, म्हणजे पुढचा उभा नळा जमिनीशी किती कोनात आहे, तो आकडा माहितीपत्रकात असतो. ७० अंशांच्या वर असेल तर सायकल चढावर चपळ पण उतारावर घाबरट. ६७-६८ असेल तर उतारावर भरवसा देणारी. नवशिक्याला मी ६७-६८ वालीच देईन. या एका आकड्यावरून नव्या आणि दहा वर्षं जुन्या आराखड्याची फ्रेम बऱ्यापैकी ओळखता येते.

पैशांचं गणित. चाळीसातले ३७ सायकलला गेले तर तीन हजार उरतात. त्यात हेल्मेट, छोटा पंप, एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पॅच आणि षटकोनी पान्यांचा मल्टिटूल बसवायचा. ओढाताण होईल, पण बसतं. दुकानदाराकडून बाटलीचा स्टँड आणि मडगार्ड फुकट घेण्यापेक्षा डिरेलर हँगर मागून घ्या. मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो ती पट्टी म्हणजे हँगर. सायकल उजव्या बाजूला पडली की फ्रेम वाचवण्यासाठी ती आधी वाकते किंवा तुटते. प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि दोन वर्षांनी तीच मिळवायला महिनाभर वणवण होते. आत्ता काहीशे रुपयांत मिळेल. किमतीची यादी ताजी आहे का तेही बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि काही दुकानांच्या भिंतीवर जुनेच आकडे लटकलेले असतात.

जुनी सायकल चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण चाळीस हजारांत एक वर्ग वरची वापरलेली हार्डटेल मिळू शकते आणि पुण्यात हौसेने घेऊन बाल्कनीत उभ्या राहिलेल्या सायकलींना तोटा नाही. बघायला जाताना जाणकार सोबत न्या. हेड ट्यूबच्या खालच्या वेल्डला आणि सीट ट्यूबच्या जोडाला नखाने चाचपा, रंगाला केसासारखी रेघ दिसली तर परत फिरा. फोर्कच्या नळ्यांवर सील फिरतं त्या भागात ओरखडा असेल तर पुढच्या पावसाळ्यात तेल बाहेर येणार. चेन ताणलेली असेल तर कॅसेटचाही खर्च धरा. एअर फोर्क दाबून पाच मिनिटांनी पुन्हा दाबा, नरम पडला असेल तर सीलचा खर्च धरा. हे सगळं नीट असेल तर मी नवीन दुसरीपेक्षा अशी जुनी घेईन. नवीन तिसरी आणि अशी जुनी यांत मात्र तुमच्याजवळ जाणकार आहे की नाही यावर ठरवा. नसेल तर नवीन, वॉरंटीसकट.

घेतल्यावर दोन गोष्टी. पावसाळ्यात चिखल धुताना पाण्याचा जोरदार फवारा हब, हेडसेट (हेड ट्यूबमधलं बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेटवर मारू नका. ग्रीस निघून जातं आणि आत पाणी राहतं. बादली आणि जुना ब्रश पुरे, मग चेन पुसून तेलाचा एकेक थेंब. आणि टेकडीवर सकाळी पायी फिरणाऱ्यांची गर्दी असते, त्यांचा हक्क पहिला. घंटी लावा, आजी-आजोबांमागून उतरताना चालण्याच्या वेगावर या. वनखात्याच्या जागेत वेळेची पाटी असेल ती पाळा.

तिसरी मीडियममध्ये नसेल तर महिनाभर थांबा किंवा त्याच वर्गातली दुसऱ्या कंपनीची बघा: कॅसेट हब, टेपर्ड किंवा ४४ चा हेड ट्यूब, हायड्रॉलिक ब्रेक, ३२ स्पोक. या चार गोष्टी जमल्या तर फ्रेमवर नाव कुणाचं आहे याने मला फरक पडत नाही.